वैद्य एका यंत्रात, रोगी दुसऱ्यात: दोन कमोडोर ६४ जोडून दुरून डीबगर चालवण्याची रीत

मशीन कोडमध्ये लिहिलेला प्रोग्राम मध्येच अडकला की त्याला तिथल्या तिथे थांबवून आत काय चालले आहे ते पाहण्यासाठी मॉनिटर नावाचा छोटा प्रोग्राम, म्हणजे एक प्रकारचा डीबगर, वापरण्याची पद्धत जुनी आहे. १९८० च्या दशकातल्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर मात्र हा मॉनिटर रोग्याच्याच अंथरुणावर येऊन बसतो. त्याला पडदा लागतो, म्हणून तपासायच्या प्रोग्रामचा पडदा पुसला जातो. त्याला कळफलक लागतो, झीरो पेजमधले, म्हणजे स्मृतीच्या पहिल्या २५६ बाइटांमधले, काही पत्ते लागतात आणि स्वतःच्या मुक्कामासाठी बहुधा ४९१५२ पासूनचे चार किलोबाइटही लागतात. ज्या प्रोग्रामचा दोष नेमका याच जागांशी निगडित असतो, त्याचा दोष मॉनिटर बसवताच नाहीसा होतो आणि मॉनिटर काढताच परत येतो.

यावरचा उपाय म्हणजे तपासणारा प्रोग्राम दुसऱ्या यंत्रात ठेवणे. १९८० च्या दशकात खेळ लिहिणारे अनेक व्यावसायिक प्रोग्रामर एका यंत्रावर लिहून तारेतून दुसऱ्या यंत्रावर चालवत असत. हेच काम दोन कमोडोर ६४, बारा तारांची एक केबल आणि मोजक्या बाइटांचा एक प्रोग्राम एवढ्यावर कसे करता येते, ते पुढे पायरीपायरीने सांगितले आहे. ज्याच्यासमोर आपण बसतो त्या यंत्राला मी वैद्य म्हणेन, ज्याच्यात सदोष प्रोग्राम चालतो त्याला रोगी म्हणेन आणि रोग्याच्या स्मृतीत राहून वैद्याचे हुकूम पाळणाऱ्या छोट्या प्रोग्रामला हस्तक म्हणेन. सगळ्या रचनेचे सूत्र एवढेच आहे की हस्तक जितका मठ्ठ आणि आज्ञाधारक, तितका तो उपयोगी. शहाणपण सगळे वैद्याकडे ठेवायचे.

वाचकाला बेसिकमधील पोक आणि पीक ठाऊक आहेत आणि ६५१० प्रोसेसरच्या असेंब्लीशी जुजबी ओळख आहे, असे मी धरून चालतो. सगळे पत्ते दशमान पद्धतीत दिले आहेत. बेसिकचे शब्द इथे देवनागरीत लिहिले असले, तरी यंत्रावर ते अर्थातच रोमन अक्षरांत टंकायचे आहेत.

पहिली पायरी: यूझर पोर्ट समजून घेणे

यंत्राच्या मागच्या बाजूला सर्किट बोर्डाची जी उघडी कड दिसते, तो यूझर पोर्ट. तिच्यावर २४ पट्ट्या असतात. मागून पाहिल्यास वरच्या बाजूला डावीकडून उजवीकडे १ ते १२ आणि खालच्या बाजूला त्याच दिशेने ए, बी, सी, डी, ई, एफ, एच, जे, के, एल, एम, एन अशी नावे आहेत. जी आणि आय ही अक्षरे गाळलेली आहेत. दोन पट्ट्यांमधले अंतर ३.९६ मिलिमीटर असते, त्यामुळे त्याच अंतराचा २४ पट्ट्यांचा एज कनेक्टर घ्यावा लागतो.

या पट्ट्यांपैकी सी पासून एल पर्यंतच्या आठ पट्ट्या दुसऱ्या सीआयए चिपच्या बी पोर्टला, म्हणजे पीबी० ते पीबी७ या रेषांना जोडलेल्या आहेत. बाहेरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या त्या चिपचा क्रमांक ६५२६ आणि तिचे पत्ते ५६५७६ पासून सुरू होतात. आपल्या कामाच्या आणखी दोन पट्ट्या आहेत आणि सगळी गंमत त्यांच्यात आहे. पट्टी ८ ला पीसी२ म्हणतात. प्रोसेसरने ५६५७७ हा पत्ता वाचला किंवा त्यावर लिहिले की लगेच या पट्टीवर एका चक्रापुरता, म्हणजे साधारण एक मायक्रोसेकंदाचा, ठोका आपोआप पडतो. पट्टी बी ला फ्लॅग२ म्हणतात. तिच्यावर असा ठोका आला की चिप आतल्या आत त्याची नोंद ठेवते आणि आपण परवानगी दिली असेल तर प्रोसेसरला एनएमआय हा व्यत्यय देते, म्हणजे हातातले काम सोडून ठरलेल्या पत्त्यावरचा प्रोग्राम चालवायला लावते.

आता एका यंत्राची पट्टी ८ दुसऱ्याच्या पट्टी बी ला जोडून पाहा. वैद्याने ५६५७७ वर बाइट लिहिला की रोग्याला ठोका जातो. रोग्याने तो बाइट वाचला की वाचण्याच्या त्याच क्रियेतून वैद्याला उलट ठोका येतो. पाठवल्याची वर्दी आणि मिळाल्याची पोच, दोन्ही एकही जादा सूचना न लिहिता पार पडतात. शिवाय सीआयए क्रमांक दोनचा व्यत्यय एनएमआय असतो, आणि एनएमआय हा सेई या व्यत्यय रोखणाऱ्या सूचनेनेही अडवता येत नाही. रोग्यातला प्रोग्राम सगळे व्यत्यय बंद करून कुठल्याशा चक्रात गरगरत बसला असला, तरी हस्तक आत शिरू शकतो. कर्नलच्या, म्हणजे यंत्राच्या रॉममधल्या मूळ कार्यप्रणालीच्या, सीरियल संपर्कापेक्षा मला ही जोडणी बरी वाटते, याचे मुख्य कारण हेच आहे. तिथे १२०० बॉडवर सेकंदाला जेमतेम १२० बाइट जातात. इथे नीट लिहिलेल्या मशीन कोडमध्ये एका बाइटला पन्नासेक चक्रे धरली, तरी सेकंदाला काही हजार बाइट सहज जातात.

दुसरी पायरी: केबल

केबल अशी जोडायची. सी ला सी, डी ला डी, ई ला ई, एफ ला एफ, एच ला एच, जे ला जे, के ला के, एल ला एल. पहिल्या टोकाची ८ दुसऱ्या टोकाच्या बी ला, आणि पहिल्या टोकाची बी दुसऱ्या टोकाच्या ८ ला. ही एकच जोडी तिरपी जाते. जमिनीसाठी ए ला ए आणि एन ला एन. झाल्या बारा तारा. पट्टी २ वर ५ व्होल्ट आणि १० व ११ वर ९ व्होल्ट एसी असतात. या तीन पट्ट्यांना केबलमध्ये स्पर्शही करू नये. दोन्ही यंत्रांचे वीजपुरवठे एकमेकांना जोडण्याचे काहीही कारण नाही.

आठही माहिती-रेषांमध्ये प्रत्येकी ४७० ओहमचा रेझिस्टर टाकावा. आपल्या चुकीने दोन्ही यंत्रे एकाच वेळी एकाच रेषेवर बोलू लागली, एकाने ती वर खेचली आणि दुसऱ्याने खाली ओढली, तर या रेझिस्टरमुळे प्रवाह साधारण १० मिलिअँपिअरवर थोपतो आणि चिप वाचते. नवशिक्याकडून ही चूक पहिल्या आठवड्यात किमान एकदा होतेच, म्हणून ही काटकसर करू नये. केबल एक मीटरपेक्षा लांब नसावी, आणि ठोक्याच्या दोन तारांशेजारी जमिनीची तार असावी, कारण शेजारच्या माहिती-रेषेतली उलथापालथ फ्लॅग२ ला कधीकधी ठोक्यासारखी भासते.

केबल करताना सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र सोल्डरिंगची नाही, रंगाची आहे. कनेक्टरच्या वरच्या बाजूवर ठळक रंगाचा ठिपका द्यावा. कनेक्टर उलटा बसला तर त्याची बी आणि सी ही टोके यंत्राच्या ११ आणि १० या पट्ट्यांवर, म्हणजे थेट ९ व्होल्ट एसीवर टेकतात. तो दाब केबलमधून पलीकडच्या यंत्राच्या पट्टी ८ मध्ये आणि पीबी० मध्ये शिरतो. पलीकडची सीआयए बहुधा त्या क्षणी निकामी होते, आणि तुमचे हातातले यंत्र मात्र काहीच न झाल्यासारखे चालू राहते.

जोडण्याआधी मल्टिमीटरने प्रत्येक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासावी. माहिती-रेषांवर ४७० च्या आसपास आकडा दिसला पाहिजे, ठोक्याच्या आणि जमिनीच्या तारांवर जवळजवळ शून्य, आणि कोणत्याही दोन शेजाऱ्यांमध्ये काहीही नाही. केबल लावताना व काढताना दोन्ही यंत्रे बंद असावीत. चालू करताना एक यंत्र चालू आणि दुसरे बराच वेळ बंद, अशी स्थिती ठेवू नये, कारण बंद यंत्र माहिती-रेषांमधून वीज चोरू पाहते.

तिसरी पायरी: पहिला शब्द

डीबगर लिहिण्याआधी तार बोलते आहे याची खात्री करून घ्यावी. रोग्यावर हा प्रोग्राम टंकावा:

१० फॉर आय=० टू १५: रीड ए: पोक ४९१५२+आय,ए: नेक्स्ट
२० पोक ५६५७९,०
३० पोक ७९२,०: पोक ७९३,१९२
४० एक्स=पीक(५६५८९): पोक ५६५८९,१४४
५० डेटा ७२,१७३,१३,२२१,४१,१६,२४०,६
६० डेटा १७३,१,२२१,१४१,३२,२०८,१०४,६४

ओळ २० बी पोर्टच्या आठही रेषा ऐकण्याच्या बाजूला लावते. ओळ ३० एनएमआयचा पत्ता ४९१५२ कडे वळवते. ओळ ४० मधील पीक ही जुनी, शिळी नोंद पुसण्यासाठी आहे, आणि १४४ हा आकडा, म्हणजे १२८ अधिक १६, फ्लॅग२ ला व्यत्यय देण्याची परवानगी देतो. डेटामधले सोळा बाइट म्हणजे आपला सर्वांत लहान हस्तक आहे. तो अ‍ॅक्युम्युलेटर स्टॅकवर ठेवतो, ५६५८९ वाचून ठोका खरोखर तारेतून आला का ते पाहतो, आला असल्यास ५६५७७ वरचा बाइट उचलून ५३२८० मध्ये, म्हणजे पडद्याच्या किनारीच्या रंगात टाकतो आणि होता तिथे परत जातो.

वैद्यावर हा:

१० पोक ५६५७९,२५५
२० एक्स=पीक(५६५८९)
३० फॉर सी=० टू १५
४० पोक ५६५७७,सी: वेट ५६५८९,१६
५० फॉर टी=१ टू ३००: नेक्स्ट: नेक्स्ट

आधी रोगी, मग वैद्य चालवावा. रोग्याच्या पडद्याची किनार सोळा रंगांतून जाईल, आणि त्याच वेळी रोग्यावर रेडी असे लिहून कर्सर लुकलुकत राहील, तुम्ही त्यावर टंकूही शकाल. बेसिकला या व्यत्ययाचा पत्ताही लागत नाही. रंग बदलले पण चुकीच्या क्रमाने बदलले, तर कुठल्यातरी दोन माहिती-रेषांची अदलाबदल झाली आहे. किनारीचा रंग फक्त खालच्या चार बिटांवर ठरतो, त्यामुळे वरच्या चार रेषांची परीक्षा या खेळातून होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. वैद्य ओळ ४० वर गोठला, तर पोच येत नाही. तेव्हा रोग्याच्या पट्टी ८ पासून वैद्याच्या बी पर्यंतची तार पाहावी. वेट ही सूचना नुसत्या स्टॉप कळीने सुटत नाही, स्टॉप आणि रिस्टोर एकत्र दाबावे लागतात. रोग्यावर ही युक्ती आता चालणार नाही, कारण रिस्टोर कळही एनएमआयच देते आणि तो आपल्या हस्तकाकडे जातो. पूर्ववत करायचे असल्यास ७९२ मध्ये ७१ आणि ७९३ मध्ये २५४ टाकावेत.

चौथी पायरी: कोणी कधी बोलायचे

आतापर्यंत एकच बाजू बोलत होती. डीबगरमध्ये रोग्यालाही उत्तर द्यावे लागते आणि आठ रेषा तर त्याच आहेत. म्हणून बोलण्याचा हक्क हातातून हातात देण्याचा नियम ठरवावा लागतो. माझा नियम असा आहे. एरवी बोलण्याचा हक्क वैद्याकडे असतो. उत्तर हवे असेल तेव्हा वैद्य आधी स्वतःचा ५६५७९ शून्य करतो, म्हणजे रेषा सोडून देतो, आणि मगच ५६५७७ एकदा उगाच वाचतो. वाचलेला आकडा फेकून द्यायचा असतो. त्या वाचण्याने जो ठोका जातो, तो म्हणजे "आता तू बोल". हस्तक तो ठोका पाहिल्यावरच आपला ५६५७९ दोनशे पंचावन्न करतो आणि पहिला बाइट लिहितो. वैद्य वाचतो, त्याची पोच जाते, हस्तक पुढचा लिहितो. शेवटच्या बाइटाची पोच मिळाल्यावर हस्तक रेषा सोडतो आणि तोही एकदा उगाच वाचतो. तो ठोका पोचल्यावर वैद्य पुन्हा रेषा ताब्यात घेतो.

आधी सोडणे, मग सांगणे, हा क्रम कधीही उलटा करू नये. प्रत्येक बाइटाला पोच असल्याने वेळेचे गणित कुठेच करावे लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा दिलासा आहे. व्हिडिओ चिप दर आठव्या रेषेला प्रोसेसरची चाळीसेक चक्रे काढून घेते, युरोपीय यंत्र ०.९८५ मेगाहर्ट्झवर चालते आणि अमेरिकी यंत्र १.०२३ वर, वैद्य बेसिकमध्ये लिहिला असेल तर तो शेकडो पटींनी हळू असतो. यांपैकी कशानेही संवाद बिघडत नाही.

पाचवी पायरी: हस्तक लिहिणे

हस्तक दोन वाटांनी जागा होतो: तारेवरचा ठोका किंवा ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम थांबावा म्हणून त्यात पेरलेली ब्रेक ही सूचना. दोन्ही वाटांनी आल्यावर स्टॅकवर एकच आकृती दिसावी, अशी व्यवस्था केली की पुढचे सगळे सोपे होते. ब्रेकच्या वाटेने येताना कर्नल आधीच ए, मग एक्स, मग वाय स्टॅकवर ठेवतो आणि ७९०–७९१ मधील पत्त्यावर उडी मारतो. एनएमआयच्या वाटेने येताना तो यांपैकी काहीच ठेवत नाही. म्हणून एनएमआयच्या दारात आपणच ए, एक्स, वाय याच क्रमाने ठेवावेत. मग स्टॅक पॉइंटर एक्समध्ये घेतल्यावर २५७ अधिक एक्स या पत्त्यावर वाय, त्यापुढे क्रमाने एक्स, ए, स्थिती-रजिस्टर, आणि परतीच्या पत्त्याचा खालचा व वरचा बाइट सापडतात. प्रोग्रामचा मूळ स्टॅक पॉइंटर म्हणजे आपल्याला मिळालेला आकडा अधिक ६.

आत आल्यावर लगेच चार गोष्टी कराव्यात. एक, सीएलडी ही सूचना द्यावी, कारण प्रोग्राम दशमान पद्धतीत असताना व्यत्यय आला तर ६५१० ती पद्धत आपणहून सोडत नाही आणि आपल्या बेरजा चुकतात. दोन, प्रोसेसरला रॉम, रॅम की चिप दिसतील हे ठरवणारा पत्ता १ मधील आकडा जपून ठेवून तिथे ५३ टाकावा. प्रोग्रामने तिथे ५२ ठेवले असेल तर सीआयए चिप त्या क्षणी दिसतच नाही, आणि हस्तक बहिरा व मुका होतो. तीन, ५६५८९ मध्ये १६ लिहून फ्लॅग२ ची परवानगी काढून घ्यावी, नाहीतर पुढच्या प्रत्येक बाइटाला हस्तक स्वतःच्याच अंगावर पुन्हा पुन्हा जागा होईल. नोंद मात्र परवानगीशिवायही होत राहते, ती पाहत बसावे. चार, ५६५८९ एकदा वाचून व्यत्यय मिटवावा. हे राहून गेले तर एनएमआयची रेषा खालीच अडकते आणि परत कधीही एनएमआय येत नाही.

प्रोग्रामने कर्नल रॉम बाजूला सारला असेल तर ७९२ चा उपयोग होत नाही, कारण तेव्हा प्रोसेसर ६५५३०–६५५३१ या रॅममधल्या पत्त्यातून वाट काढतो. म्हणून हस्तक बसवतानाच तिथेही त्याच दाराचा पत्ता लिहून ठेवावा. रॉम दिसत असतानाही लिहिलेले खालच्या रॅममध्येच जाते, त्यामुळे त्यासाठी वेगळी खटपट नको. ६५५३४ चे तसे नाही. ती जागा अशा प्रोग्रामच्या स्वतःच्या व्यत्ययासाठी असते, आणि तिथे ब्रेकपॉइंट हवा असेल तर त्याच्या व्यत्ययाच्या दारात ब्रेक ओळखणाऱ्या दोन-चार सूचना घालाव्या लागतात.

झीरो पेजला हात लावू नये. स्मृती वाचायला अप्रत्यक्ष पत्ता लागतो असे वाटते खरे, पण हस्तक रॅममध्ये आहे, तेव्हा वाचणाऱ्या सूचनेतला पत्ताच बदलून घेता येतो. एरवी मी स्वतःला बदलणाऱ्या कोडच्या विरोधात आहे. इथे मात्र तेच शोभते.

हुकूम मी सहाच ठेवले आहेत. ० म्हणजे काहीही करू नकोस, नुसता थांब. १ म्हणजे स्मृती वाच. त्यामागून पत्त्याचे दोन बाइट आणि संख्या येते, संख्या शून्य असेल तर २५६ समजायचे. २ म्हणजे स्मृतीत लिही. ३ म्हणजे रजिस्टरे सांग. उत्तरात स्टॅकवरचे सहा बाइट, मूळ स्टॅक पॉइंटर आणि पत्ता १ मधला जपलेला आकडा असे आठ बाइट जातात. ४ म्हणजे रजिस्टरे बदल. ५ म्हणजे सगळे पूर्ववत करून, ५६५८९ मध्ये १४४ टाकून, वाय, एक्स, ए उचलून प्रोग्रामकडे परत जा. प्रत्येक उत्तराच्या शेवटी सगळ्या बाइटांची बेरीज, २५६ च्या आत ठेवून, पाठवावी.

वाचताना एक बारकावा आहे. प्रोग्रामला ज्या रूपात स्मृती दिसत होती त्याच रूपात ती आपल्याला पाहायची असेल, तर प्रत्येक बाइट वाचण्याच्या क्षणी पत्ता १ मध्ये जपलेला आकडा परत ठेवावा, बाइट उचलावा आणि पुन्हा ५३ वर यावे. हस्तक ४९१५२ च्या परिसरात असेल तर ही अदलाबदल त्याला स्वतःला जाणवत नाही, कारण ती जागा नेहमी रॅमच असते.

सहावी पायरी: ब्रेकपॉइंट

ब्रेकपॉइंट लावणे म्हणजे हव्या त्या सूचनेच्या पहिल्या बाइटाच्या जागी ० लिहिणे. मूळ बाइट वैद्याने स्वतःकडे जपावा, हस्तकावर ते ओझे टाकू नये. प्रोग्राम तिथे पोचला की हस्तक जागा होतो आणि ५६५७७ एकदा उगाच वाचून वैद्याला न मागितलेला ठोका देतो. रेषा तेव्हा वैद्याच्या ताब्यात असतात, पण वाचल्याने काही बिघडत नाही. वैद्य स्वस्थ असताना आलेला ठोका म्हणजे "मी थांबलो".

नेमके त्याच क्षणी वैद्याने थांबण्याचा हुकूम धाडला तर काय? म्हणूनच थांबण्याचा हुकूम शून्य, म्हणजे निरर्थक ठेवला आहे. तो हरवला तरी कोणाचे नुकसान होत नाही. रोगी दोन्हींपैकी कोणत्या का कारणाने होईना, थांबलेलाच असतो. वैद्याने शून्य पाठवून पोच मिळाल्यावर क्षणभर थांबावे आणि ५६५८९ एकदा वाचून टाकावे, म्हणजे मागे राहिलेला जादा ठोका पुसला जातो.

ब्रेक ही सूचना स्टॅकवर जो परतीचा पत्ता ठेवते तो ब्रेकच्या पत्त्याहून २ ने पुढे असतो, म्हणून पुढे चालवण्याआधी मूळ बाइट परत ठेवून पत्त्यातून २ वजा करावे लागतात. ठोक्याने थांबवले असेल तर ही वजाबाकी करायची नाही. फरक ओळखण्यासाठी स्टॅकवरच्या स्थिती-रजिस्टरातला १६ किमतीचा बिट पाहावा: तो लागलेला असेल तर ब्रेक, नसेल तर व्यत्यय. हस्तक कोणत्या दाराने आला यावर विसंबू नये, कारण ब्रेक चालू होत असतानाच एनएमआय आला तर या जातीचा प्रोसेसर ब्रेकला एनएमआयच्या दाराने पाठवतो, पण हा बिट तरीही खरे सांगतो.

एकेक सूचना पुढे जायचे असेल तर वैद्याने सूचनेची लांबी ओळखून पुढच्या सूचनेवर तात्पुरता शून्य ठेवावा. सशर्त उडी असेल तर दोन्ही संभाव्य ठिकाणी. अधिकृत सूचनांचे १५१ संकेत आहेत, त्यांच्या लांबीची सारणी वैद्याकडे असावी. रॉममध्ये शून्य लिहिता येत नाही, त्यामुळे कर्नलच्या आतल्या वाटेवर पाऊलपाऊल चालता येत नाही. तिथून परत येण्याच्या पत्त्यावर सापळा लावावा आणि पुढे जावे.

काही ठेचा

माझी एक संध्याकाळ केबल उकलून पुन्हा सोल्डर करण्यात गेली. रोग्याच्या चिप कशा लावल्या आहेत ते पाहावे म्हणून मी ५६५७६ पासून १६ बाइट मागितले आणि दुसऱ्याच बाइटाला संवाद कायमचा गोठला. दर वेळी तिथेच. दोष तारेचा नव्हता. दुसरा बाइट म्हणजे ५६५७७. तो "पाहण्यासाठी" हस्तकाने वाचला आणि त्या वाचण्यानेच एक जादा ठोका वैद्याकडे गेला. पुढे जाता आले असते, तर ५६५८९ वाचताना येणारी पोचही पुसली गेली असती. तेव्हापासून माझा वैद्य हे दोन पत्ते मागतच नाही, त्यांच्या जागी दोन रेघा दाखवतो.

रोगी थांबतो तेव्हा त्याचा आवाज थांबत नाही. ध्वनीची चिप शेवटचा सूर धरून बसते आणि तुम्ही रजिस्टरे वाचत असताना ती एकसुरी कण्हत राहते. ५४२९६ मध्ये ० लिहिले की ती गप्प बसते, पण तो पत्ता वाचता येत नाही, त्यामुळे तिथे आधी काय होते हे प्रोग्रामच्या मजकुरातूनच शोधून ठेवावे लागते.

५६५७६ मध्ये कधी लिहावे लागले तर पूर्ण आकडा आंधळेपणाने टाकू नये. त्याचे खालचे दोन बिट व्हिडिओ चिपने स्मृतीचा कोणता चौथा भाग पाहायचा ते ठरवतात, आणि वरचे पाच डिस्क ड्राइव्हच्या तारेचे आहेत. आणि तपासायचा प्रोग्राम स्वतःच सीआयए क्रमांक दोनचे व्यत्यय वापरत असेल किंवा कर्नलचा सीरियल संपर्क चालवत असेल, तर ही पद्धत त्याच्यासाठी नाही.

राहता राहिला तो रोगी, जो ठोक्यालाही उत्तर देत नाही. ६५१० चे काही अनधिकृत संकेत प्रोसेसरला असे कुलूप लावतात की एनएमआयही आत जाऊ शकत नाही. भरकटलेला प्रोग्राम माहितीच्या ढिगात शिरला की अशा संकेतावर तो हमखास जाऊन आदळतो. यासाठी रोग्याच्या बाजूच्या कनेक्टरवर पट्टी ३ आणि पट्टी १ यांच्यामध्ये एक दाबकळ बसवावी; ती दाबली की यंत्र वीज न जाता पहिल्यापासून सुरू होते. सुरू होताना कर्नल पान ०, २ आणि ३ पुसतो, पण १०२४ पासून पुढची रॅम तपासताना प्रत्येक बाइट जपून परत ठेवतो, आणि बेसिक रॉमपर्यंत पोचल्यावर तपासणी थांबवतो. त्यामुळे ४९१५२ वरचा हस्तक जिवंत राहतो, फक्त त्याचे ७९० आणि ७९२ मधले पत्ते जातात. हस्तकाच्या सुरुवातीलाच ते पत्ते बसवणारा तुकडा ठेवला असेल, तर सिस ४९१५२ एवढे टंकल्यावर वैद्य पुन्हा बोलू लागतो. १०२४ पासूनचा पडदा आणि २०४८ पासूनचे दोन-चार बाइट पुसले गेलेले असतात, पण पान १ मधला स्टॅकचा खालचा, अजून न वापरलेला भाग आणि प्रोग्रामची बाकीची स्मृती पडली त्या अवस्थेत वाचायला मिळते, आणि कुलूप लावणारा बाइट नेमका कोणत्या पत्त्यावर होता ते बहुधा तिथेच सापडते.